बावीस वर्षांचा विजेता आणि धास्तावलेली समिती: लिव्हरपूल कॅथेड्रलचं प्रकरण

१९०३ साली लिव्हरपूलला कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बांधायला निघालेल्या समितीपुढे आलेला पेच कुठल्याही बांधकाम समितीला घाम फोडणारा होता. खुली स्पर्धा झाली, शंभरावर वास्तुरचनाकारांनी भाग घेतला, त्यातले पाच दुसऱ्या फेरीत गेले. इंग्लंडातल्या दोन बड्या परीक्षकांनी शेवटी शिफारस केली ती जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या बावीस वर्षांच्या मुलाची. हा अजून दुसऱ्याच्या कार्यालयात उमेदवारी करत होता. तोवर आपण आखलेली ठळक वस्तू म्हणजे धूम्रपानाचे पाइप अडकवायची मांडणी, हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं. वर तो रोमन कॅथलिक, आणि बांधायचं होतं चर्च ऑफ इंग्लंडचं, म्हणजे प्रॉटेस्टंटांचं कॅथेड्रल.

आडनाव मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. फोर्टातला राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आखणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे जाइल्सचे आजोबा. आजोबांनी मुंबई कधी पाहिली नाही, नकाशे लंडनहून पाठवले. वडीलही याच धंद्यातले, फार गुणी, पण मानसिक आजाराने संपलेले. १८९७ साली ते वारले तेव्हा जाइल्स सोळा वर्षांचा होता.

हे प्रकरण बहुतेक वेळा गुणी पोराला संधी मिळाल्याची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यात समिती दिसतच नाही. समितीने या पोराची जोखीम आटोक्यात ठेवायला एक बंदोबस्त केला आणि तो साफ फसला. काम तारलं ते भलत्याच एका निर्णयाने, ज्याच्याकडे बंदोबस्त म्हणून कोणी पाहिलंही नव्हतं. १९०१ ते १९१० हा काळ त्यासाठी नीट पाहण्यासारखा आहे.

आधीची फसलेली खेप

लिव्हरपूलला स्वतंत्र बिशप मिळाला १८८० साली. बंदर श्रीमंत होतं, अटलांटिकपारचा व्यापार आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तिथूनच जाई. पण बिशपचं आसन होतं सेंट पीटर्स या साध्याशा चर्चमध्ये. १८८५ साली नव्या कॅथेड्रलसाठी संसदेत कायदा झाला, सेंट जॉर्जेस हॉलशेजारची जागा ठरली, स्पर्धाही झाली. ती जिंकली विल्यम एमर्सन यांनी. म्हणजे आपल्या क्रॉफर्ड मार्केटचे एमर्सन, आज ज्याला महात्मा फुले मंडई म्हणतात तिचे. पुढे कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्यांनीच आखलं. पण लिव्हरपूलला एवढी मोठी इमारत त्या जागेत मावेना, आणि सगळं बारगळलं. आधी जागा, मग स्पर्धा हा क्रम बरोबरच होता. चुकलं ते एवढंच की जागा मोठ्या इमारतीला पुरते का, हे कोणी धडपणे मोजलं नाही.

१९०० साली फ्रान्सिस चव्हास बिशप झाले आणि त्यांनी विषय पुन्हा उकरून काढला. या वेळी जागा निवडली सेंट जेम्स माउंट, शहराच्या वर उठलेला लांबट डोंगरकणा. त्याच्या एका अंगाला दगडाची जुनी खाण. शहरातल्या कित्येक इमारतींना तिने दगड पुरवला आणि नंतर ती दफनभूमी झाली. डोंगरावर बांधलेलं मर्सी नदीतून येणाऱ्या जहाजांनाही दिसणार होतं. अडचण एकच, कणा पसरलेला दक्षिणोत्तर आणि चर्चची वेदी असायला हवी पूर्वेला. मग सरळ इमारतच दक्षिणोत्तर बसवली. आजही तिथली माणसं दक्षिणेकडच्या टोकाला ‘पूर्व टोक’ म्हणतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

शैलीवरून रण

स्पर्धेची जाहिरात निघाली तेव्हा तिच्यात अट होती की आराखडा गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतच हवा. यावरून वास्तुरचनाकारांत गदारोळ झाला. रेजिनल्ड ब्लोमफील्ड आणि इतर अनेकांचं म्हणणं, गॉथिक पुनरुज्जीवनाला साठ-सत्तर वर्षं झाली, ते आता थकलं. नव्या शतकातल्या कॅथेड्रलवर त्याची सक्ती कशाला?

त्या वेळी ब्रिटन-आयर्लंडमध्ये काय उभं राहत होतं ते पाहिलं की हा राग समजतो. बेलफास्ट आणि कार्डिफ या दोन्ही शहरांचे नवे सिटी हॉल १९०६ साली पुरे झाले. दोन्ही पांढऱ्या पोर्टलंड दगडातले, दोन्ही घुमटांचे, बरोक थाटाचे. नगरपालिकांची, बँकांची, सरकारी कचेऱ्यांची भाषा आता खांब आणि घुमट ही होती. ग्लासगोत चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश आर्ट स्कूलची इमारत उभारत होता, आणि तिला तर जुन्या कुठल्याच खणात बसवता येत नव्हतं. अशा वेळी एखाद्या समितीने ‘गॉथिकच’ म्हणणं म्हणजे निम्म्या धंद्याला दाराबाहेर उभं करणं होतं. गहजब झाल्यावर अट मागे घेतली गेली.

पण परीक्षक कोण नेमले? जॉर्ज फ्रेडरिक बोडली आणि नॉर्मन शॉ. शॉ यांचं काम चौफेर होतं. बोडली मात्र उभ्या हयातीत गॉथिक चर्च बांधत आलेले. अट कागदावरून गेली, परीक्षकाच्या नजरेतून कशी जाणार?

१०३ प्रवेशिका आल्या. त्यांत मॅकिन्टॉश होता. चार्ल्स राइली यांनी अभिजात शैलीतला आराखडा दिला होता, ते पुढे लिव्हरपूल विद्यापीठात वास्तुशास्त्राचे प्राध्यापक झाले. टेम्पल मूर होते, म्हणजे ज्यांच्या हाताखाली जाइल्स शिकत होता ते खुद्द गुरू. पहिल्या चाळणीत हे तिघेही गळले. राहिले पाच: ऑस्टिन आणि पेली ही पेढी, चार्ल्स निकल्सन, माल्कम स्टार्क, वॉल्टर टॅपर आणि मूर यांचा हा उमेदवार. मूर यांच्याकडचं दिवसाचं काम आटोपल्यावर फावल्या वेळात त्याने आपली चित्रं काढली होती. मॅकिन्टॉशचा आराखडा आज ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात जपलेला आहे. तो नाकारला गेल्याची हळहळ अजून ऐकू येते, आणि ती चित्रं पाहिली की मलाही वाटते.

समितीचा बंदोबस्त

निकाल आल्यावर समितीला वयापेक्षा धर्म जड गेला असला तर नवल नाही. आयर्लंडमधल्या १८४०च्या दशकातल्या दुष्काळात लाखो आयरिश या बंदरात उतरले. कित्येक पुढे अमेरिकेला गेले आणि पुष्कळ इथेच राहिले. गोदीकाठच्या वस्त्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा वाटल्या गेल्या होत्या. मिरवणुकांवरून डोकी फुटत, १९०९ साली तर मोठी दंगल झाली. त्या गावात प्रॉटेस्टंट कॅथेड्रल कॅथलिकाने बांधायचं! तरी समितीने धर्माच्या मुद्द्यावर निकाल फिरवला नाही, याचं श्रेय तिला द्यायला हवं.

वयाचं काय करायचं? वाटा तीन होत्या. दुसऱ्या कोणाला काम देणं म्हणजे स्वतःच्या स्पर्धेला स्वतःच काळं फासणं. स्कॉटला एकट्याला देणं म्हणजे देणगीदारांपुढे उभं राहायची चोरी. म्हणून तिसरी वाट निघाली: स्कॉटच्या जोडीला एक अनुभवी माणूस, आणि दोघांना संयुक्त वास्तुरचनाकार म्हणून नेमायचं. अनुभवी माणूस म्हणून कोण, तर बोडली. ज्यांनी निवड केली तेच परीक्षक.

इथे थांबून पाहायला हवं. बोडली हे जाइल्सच्या आजोबांचे शिष्य. जाइल्सच्या वडिलांचे स्नेही, आणि १८७४ साली दोघांनी टॉमस गार्नर यांच्यासह चर्चच्या पडदे-वस्त्रांची ‘वॉट्स अँड कंपनी’ काढलेली. अशा माणसाने परीक्षक म्हणून मित्राच्या मुलाला निवडायचं आणि मग त्याच कामात मानधनाचा वाटेकरी व्हायचं. आजच्या कुठल्याही निविदेत हे एक दिवस टिकणार नाही. शॉ यांचीही पसंती होती, तेव्हा निवडच वशिल्याची होती असं मी म्हणणार नाही. पण नेमणूक शंकेला जागा देणारी होती, आणि समितीने ती डोळे उघडे ठेवून केली.

मुळात जोडनेमणूक ही काही विचित्र कल्पना नव्हती. त्याच सुमारास डब्लिनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ सायन्सचं काम लंडनचे अ‍ॅस्टन वेब आणि डब्लिनचे टॉमस मॅनली डीन यांना मिळून दिलं गेलं. एक राजधानीतला, एक गावातला, अशी ती वाटणी सहज समजते. एप्रिल १९०४मध्ये सातव्या एडवर्डने त्या इमारतीची कोनशिला बसवली, आणि तीन महिन्यांनी, १९ जुलै १९०४ रोजी, त्याच राजाने लिव्हरपूलची. डब्लिनचं काम दोघांच्या नावाने पुरं झालं. लिव्हरपूलला मात्र दोघांनाही एकच गोष्ट करायची होती, एकाच कागदावर. पंचाहत्तरी ओलांडलेले बोडली आणि पंचविशीच्या आतला स्कॉट, एका म्यानात दोन तलवारी.

त्यात बोडली यांनी अमेरिकेतली कॅथेड्रलची कामं घेतली, वॉशिंग्टन आणि सॅन फ्रान्सिस्को. ते वारंवार परगावी असत, पण प्रत्येक नकाशावर त्यांची संमती मात्र हवी असे. ही भागीदारी म्हणजे निव्वळ फार्स झाला आहे आणि माझी सहनशक्ती संपत आली आहे, अशा आशयाची तक्रार स्कॉटने लिहून केली. तो राजीनाम्यापर्यंत आला होता. तेवढ्यात ऑक्टोबर १९०७मध्ये बोडली वारले.

समितीच्या हिशेबाने पाहा. देखरेख म्हणून नेमलेला माणूस देखरेखीला हजर नाही आणि काम करणारा सोडून जायच्या बेतात. चार वर्षांत बंदोबस्ताचंच ओझं झालं. बोडली आणखी सहा महिने जगले असते तर स्कॉट गेला असता, असं मला वाटतं. मग एमर्सननंतरची ही दुसरी फसलेली खेप ठरली असती.

लेडी चॅपेल

बोडली यांच्यानंतर समितीने नवा पालक शोधला नाही, स्कॉटला एकट्याला ठेवलं. हे धाडस एकाएकी कुठून आलं? माझ्या मते उत्तर जागेवरच आहे. दरम्यान डोंगरावर एक लहान इमारत चढत होती.

कॅथेड्रल एकदम बांधता येण्याजोगं नव्हतं, पैसे येतील तसं बांधायचं होतं. म्हणून पहिल्यांदा हाती घेतलं लेडी चॅपेल, मेरीच्या नावाचं छोटं प्रार्थनामंदिर, दक्षिण टोकाला, मुख्य इमारतीला जोडून पण स्वतंत्र वापरता येईल असं. वापर सुरू झाला की देणगीदारांना दाखवायला काहीतरी होतं, एवढाच त्यामागचा हिशेब. पण त्यातून दुसरंही साधलं. ज्याने कधी एक भिंत बांधून पाहिली नव्हती त्याला मोठ्या कामाआधी एक पुरतं काम करायला मिळालं: वुल्टनच्या खाणीतला तांबूस वालुकाश्म, कारागीर, हिशेब, चुका, सगळ्यांसकट.

२९ जून १९१० रोजी चॅपेलची प्रतिष्ठापना झाली. उंच, अरुंद, नक्षीने भरलेलं, छताच्या बरगड्या एकमेकींत गुंतलेल्या, सज्जाखाली कोरीव अक्षरांची ओळ. बोडली यांचा हात इथे सगळ्यात जास्त जाणवतो. शेजारच्या मुख्य इमारतीत आलात की तोच तांबूस दगड, पण नक्षी जवळजवळ आटलेली आणि भिंती कड्यासारख्या सरळ वर गेलेल्या.

चॅपेलच्या जिन्यावर रंगीत काचेच्या खिडक्या आहेत, थोर स्त्रियांच्या. त्यांत राण्या आणि संत आहेतच असं नाही. एक आहे किटी विल्किन्सन. आयर्लंडच्या डेरीत जन्मलेली कष्टकरी बाई, लहानपणी लिव्हरपूलला आलेली. १८३२ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तिच्या घरी कपडे उकळायचं भांडं होतं. तिने शेजाऱ्यांना त्यात रोग्यांची अंथरुणं-पांघरुणं धुऊ दिली. त्यातूनच पुढे १८४२ साली शहरात सार्वजनिक धुलाईघर निघालं. तिची कबर खालच्या खाणीतल्या दफनभूमीतच आहे. मूळ काचा १९४० साली बाँबहल्ल्यात फुटल्या, आताच्या नंतर बसवलेल्या. आयरिशांवरून भांडणाऱ्या गावाने आपल्या कॅथेड्रलच्या पहिल्याच तुकड्यात तिला जागा दिली, हे मला सगळ्या नक्षीकामापेक्षा मोठं वाटतं.

जिंकलेला आराखडा केराच्या टोपलीत

आता या प्रकरणाचा खरा मासला. १९०९ साली, कोनशिला बसून पाच वर्षं झाल्यावर, स्कॉटने समितीला कळवलं की मुख्य इमारतीचा मंजूर आराखडा त्याला बदलायचा आहे. किरकोळ नव्हे, मुळापासून.

स्पर्धेतल्या आराखड्यात दोन मनोरे होते आणि आडवा बाहू, म्हणजे लांब इमारतीला आडवा छेदणारा भाग, एकच. नव्यात मधोमध एक प्रचंड मनोरा, त्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने आडवे बाहू, आणि मनोऱ्याच्या पोटात एक विस्तीर्ण मोकळी जागा. नकाशावर ही इमारत मध्यापासून दोन्हीकडे तोल साधते. फरक नुसता दिसण्याचा नाही. लांबोडक्या चर्चमध्ये मागे बसलेल्याला वेदी दुरून दिसते आणि प्रवचन अर्धवट ऐकू येतं. मधल्या मोकळ्या जागेत हजारोंचा समुदाय एकत्र बसू शकतो. प्रवचनावर भर असणाऱ्या पंथाच्या बिशपला हे पटण्याजोगं होतं. बाहेरून पाहिलं तर लांब कण्यावर एकच भारदस्त मनोरा नदीवरून जसा उठून दिसेल तसे दोन दिसले नसते.

समिती हादरली. हादरणारच, कारण ज्या चित्रावर देणग्या गोळा केल्या, ज्या चित्राला १०२ जणांना डावलून निवडलं, तेच चित्र हा आता फेटाळत होता. इथे समितीने केलं ते शिकण्यासारखं आहे. नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. सगळं बारकाव्यांसह काढून आण, मग बघू, असं सांगितलं. स्कॉटने त्यावर वर्षाहून जास्त काळ घालवला, आणि नोव्हेंबर १९१०मध्ये समितीने नवा आराखडा मंजूर केला.

तारखा शेजारी ठेवा. जूनमध्ये लेडी चॅपेल खुलं झालं, नोव्हेंबरात मंजुरी मिळाली. समितीची टिपणं यावर काय म्हणतात हा मुद्दा बाजूला राहू द्या, कारण टिपणांत असल्या गोष्टी क्वचितच उतरतात. पण पाच महिन्यांपूर्वी ज्याचं काम आपण आत उभं राहून पाहिलं, त्याच्या नव्या नकाशाकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो. १९०३ साली समितीपुढे फक्त कागद होता, म्हणून बोडली लागले. १९१० साली दगड होता, म्हणून कोणीच लागलं नाही.

समितीच्या पदरात १९०३ची एक चूकही टाकावी लागते. स्पर्धेत ती इमारत निवडत होती असं तिला वाटत होतं. खरं तर ती माणूस निवडत होती, आणि मग त्याच माणसावर विश्वास नाही म्हणून दुसरा बसवत होती. कामाचा पहिला टप्पा स्कॉटला एकट्याला दिला असता आणि तो पुरा झाल्यावर पुढचं ठरवू असा करार केला असता, तर बोडली यांच्यापायी गेलेली चार वर्षं वाचली असती. त्या काळी असे करार सर्रास होत नसत हे खरं, पण बांधकाम टप्प्याटप्प्यानेच होणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पुढे

पुढचं थोडक्यात. पहिल्या महायुद्धात माणसं, पैसा आणि साहित्य आटलं आणि काम रखडलं. वेदीकडचा भाग १९ जुलै १९२४ रोजी, कोनशिलेनंतर बरोब्बर वीस वर्षांनी, पाचव्या जॉर्जच्या उपस्थितीत खुला झाला. त्याच वर्षी स्कॉटला ‘सर’ पदवी मिळाली, तेव्हा इथून पुढे अहो-जाहो. सर जाइल्स यांनी मनोरा पुन्हा पुन्हा आखला. शेवटचा दगड फेब्रुवारी १९४२मध्ये, भर युद्धात, त्यांनी स्वतः वर चढून बसवला. उंची ३३१ फूट, म्हणजे आजोबांच्या २८० फुटी राजाबाई टॉवरपेक्षा पन्नासेक फूट जास्त. मधल्या काळात लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राचं बाह्यरूप आणि इंग्लंडचा तो प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथही त्यांच्या हातून उतरला. १९६० साली ते गेले. महागाईमुळे शेवटचं टोक त्यांच्या आराखड्यापेक्षा साधं करून १९७८ साली काम संपलं. ब्रिटनमधलं हे सर्वांत मोठं कॅथेड्रल.

या इमारतीवर एक जुना आक्षेप आहे, की ती जन्मतःच शिळी होती. त्याच शहरात, नदीकाठी, १९०८ ते १९११ या तीन वर्षांत रॉयल लिव्हर बिल्डिंग उभी राहिली, पोलादाच्या सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यावर. डोंगरावर मात्र दगडावर दगड रचणं चालू होतं. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण दगडी भिंतींच्या कामाला एक सोय असते: ते कुठेही थांबवता येतं, तात्पुरती भिंत घालून वापरता येतं, आणि पैसे आले की पुढे नेता येतं. १९२४ साली नेमकं हेच केलं गेलं. चौऱ्याहत्तर वर्षं चाललेल्या, दोन महायुद्धांतून गेलेल्या कामाला ही सोय नसती तर काय झालं असतं, याचं उत्तर त्याच शहरात सापडतं. लट्यन्स यांनी कॅथलिकांसाठी आखलेलं महाकाय कॅथेड्रल १९३३ साली सुरू झालं, आणि त्याचं फक्त तळघर पुरं झालं.

राहता राहिलं वय. समितीला १९०३ साली ज्याची धास्ती होती, ते कोवळं वय हिशेबात कोणी जमेच्या बाजूला धरलंच नव्हतं. परीक्षक शॉ १९१२ला गेले. अंतिम पाचांतल्या पेढीचे ह्यूबर्ट ऑस्टिन १९१५ला. गुरू टेम्पल मूर १९२०ला, मॅकिन्टॉश १९२८ला, टॅपर १९३५ला. मनोऱ्यावर शेवटचा दगड चढला तो १९४२ साली, आणि तेव्हा सर जाइल्स एकसष्ट वर्षांचे होते.